उल्कापाताची काच: प्रागचा हिरवा खडा खरा की खोटा, घरी कसं ओळखायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी,
प्रागला येऊन मला चार वर्षं झाली. पुढच्या महिन्यात सांगलीला जाणार आहे. आईसाठी इथलं काहीतरी न्यावं म्हणून जुन्या शहरातल्या एका दुकानातून हिरव्या खड्याचं पेंडंट घेतलं. चांदीचं कोंदण, खडा अगदी स्वच्छ, पाचूपेक्षा जरा फिका. इथे याला व्ल्तावीन म्हणतात, बाहेर मोल्डावाइट. प्रागमधून वाहणारी व्ल्तावा नदी जर्मनमध्ये मोल्दाउ, तिच्यावरून ही दोन्ही नावं. दुकानातल्या बाई म्हणाल्या, उल्का आदळली तेव्हा तयार झालेली काच आहे ही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दाखवलं. एका सहकाऱ्याने हातात घेऊन निरखलं आणि काही न बोलता परत दिलं. सोमवारी येताना तो आगपेटीत कापूस घालून एक खडा घेऊन आला. दक्षिण बोहेमियात त्याच्या आजोबांचं बटाट्याचं शेत आहे, नांगरट झाल्यावर चांगला पाऊस पडला की असे खडे वर दिसतात म्हणे. हा बाहेरून काळपट, खारकेसारखा सुरकुतलेला. टेबलावर ठेवला तर कुणी केरात टाकेल. खिडकीशी उजेडात धरला आणि आतून शेवाळी हिरवा पेटला! मी दोन मिनिटं तशीच उभी होते.

आता दोन खडे शेजारी ठेवले की मनात पाल चुकचुकते. दोन्ही खरे असतील का? घरच्या घरी तपासता येतं का? आपल्या लोणारलाही उल्का पडली होती, तिथे असा हिरवा खडा का मिळत नाही? आणि आईने फोनवर विचारलेला प्रश्न: "बुधासाठी पाचू सांगितलाय, त्याऐवजी हा चालेल का गं?"

खट्याळ_खारूताई
पहिला प्रतिसाद माझा. खडा फार आवडला, फोटो टाक ना.

दगडोबा
रानजाई, आगपेटीतला खडा जपून ठेवा. तपासायचं कसं ते सांगतो, पण आधी ही काच आहे काय ते सांगू द्या. छत्तीस वर्षं भूशास्त्र शिकवलंय, या विषयावर थांबणं जड जातं.

लोकांना वाटतं हा उल्केचा तुकडा. तसं नाही. खडा वरून पडला हे खरं, पण तो मूळचा जर्मनीचा! बव्हेरियात नॉर्दलिंगन नावाचं गाव आहे. ते गाव ज्या सपाट खोलगट भागात वसलंय त्याला रीस म्हणतात, व्यास सुमारे २४ किलोमीटर. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी तिथे किलोमीटरभर किंवा त्याहून मोठा लघुग्रह आदळला. त्या वेळी जमिनीच्या अगदी वरच्या थरात वाळू आणि चिकणमाती होती. आघाताच्या पहिल्या क्षणी, विवर पुरतं खोदलं जायच्याही आधी, हा वरचा थर वितळून पिचकारीसारखा पूर्वेकडे उडाला. त्याचे थेंब हवेत निवाले आणि आजच्या चेक प्रजासत्ताकात पडले, अडीचशे-चारशे किलोमीटरवर. बोहेमियात, मोरावियात. तुमच्या सहकाऱ्याच्या आजोबांच्या शेतात जी काच निघते ती आधी जर्मनीतली वाळू होती.

अशा सगळ्या काचांना टेक्टाइट म्हणतात. हे नाव १९०० साली फ्रान्झ सुएस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने ग्रीक शब्दावरून दिलं, अर्थ 'वितळलेलं'.

आणि एक आग्रहाची विनंती. तो खडा कुठल्या गावच्या, कुठल्या शेतातला, हे आजच विचारून चिठ्ठीवर लिहा आणि आगपेटीत घाला. जागा माहीत असलेला खडा आणि नुसता खडा यांत माझ्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोरूबहाद्दर
काका, माहिती उत्तम, पण एक शंका आहे. विवर जर्मनीत, काच चेकमध्ये, मध्ये तीनशे किलोमीटर. हे दोन एकाच घटनेचे हे कशावरून? कोणी पाहायला तर नव्हतं. ज्वालामुखीचीही काच असतेच की. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ऑब्सिडियन होता, काळाभोर.

दगडोबा
बोरूबहाद्दर, शंका रास्त आहे. याच शंकेवर शास्त्रज्ञ शंभर वर्षं भांडले.

पहिलं, वय. रीसच्या वितळलेल्या खडकाचं आणि मोल्डावाइटचं वय वेगवेगळं मोजलं, ते जुळलं. दुसरं, घटक. मोल्डावाइटचं रसायन रीसच्या भागात तेव्हा पृष्ठावर असलेल्या वाळूशी जुळतं. तिसरं, पाणी. ज्वालामुखीच्या काचेत पाण्याचा अंश बऱ्यापैकी असतो. टेक्टाइटमध्ये तो शेकडा ०.०२ च्याही खाली, म्हणजे ठणठणीत कोरडी काच. ऑब्सिडियनला खूप तापवलं तर आतलं पाणी सुटून तो फेसाळतो, टेक्टाइट फेसाळत नाही.

मधल्या काळात एक मोठा पंथ म्हणायचा की ही काच चंद्रावरून आली. चांगले जाणते लोक होते त्यात, नासाचे जॉन ओ'कीफ शेवटपर्यंत त्याच मताचे. १९६९ मध्ये अपोलोने चंद्राचे दगड आणले आणि त्यांचं रसायन टेक्टाइटशी जुळेना. तिथे तो वाद बहुतेकांपुरता मिटला.

रीससुद्धा आधी ज्वालामुखीच समजलं जायचं. नॉर्दलिंगनच्या सेंट जॉर्ज चर्चचा ९० मीटर उंच मनोरा स्वेवाइट नावाच्या खडकात बांधलाय. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना रीसच्या स्वेवाइटमध्ये कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झवर अफाट दाब पडला तरच हे खनिज होतं, पृष्ठभागावरचा कुठलाही ज्वालामुखी तेवढा दाब देऊ शकत नाही. गावकरी पिढ्यानपिढ्या ज्या चर्चमध्ये जात होते, त्याच्या भिंतीच उल्कापाताची साक्ष देत होत्या! पुढे १९७० मध्ये अपोलो १४ च्या अंतराळवीरांना खडक ओळखायला शिकवण्यासाठी तिथेच नेलं.

बोरूबहाद्दर
पटलं. चर्चची गोष्ट तर बायकोला वाचून दाखवली.

रानजाई
काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. चिठ्ठीचं उद्याच करते. नॉर्दलिंगन इथून गाडीने जाण्यासारखं आहे, जमवतेच आता.

चिमणचारा
माझा दहा वर्षांचा मुलगा शेजारी बसून हा धागा ऐकतोय. त्याचा प्रश्न जसाच्या तसा: "काच हवेत उडत होती तेव्हा गरम होती का गार? गरम असेल तर खाली पडल्यावर चपटी कशी नाही झाली?"

मेलबर्नची_माई
चिमणचारा, तुमच्या लेकाला शाबासकी द्या! याचं उत्तर आमच्या ऑस्ट्रेलियातल्या काचेत आहे. इथे मिळतात ते ऑस्ट्रलाइट. रंग काळा, आकार हुबेहूब कोटाच्या बटनासारखा, मध्ये फुगीर आणि कडेने गोल पाळ. संग्रहालयात पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं कुणीतरी लेथवर कातून काढलेत.

ते दोनदा वितळलेत. आधी आघाताने वितळून थेंब झाले आणि वातावरणाच्या बाहेर गेले. तिथे निवून कडक गोळी झाली. मग परत वातावरणात शिरताना पुढची बाजू तापून वितळली आणि रस मागे सरकून कडेला गोठला, तीच ती पाळ. नासाच्या डीन चॅपमन यांनी साठच्या दशकात प्रयोगशाळेत काचेच्या गोळ्यांवर तापलेल्या हवेचा झोत सोडून असंच बटन तयार करून दाखवलं. म्हणजे बाळा, खाली पडेपर्यंत ती पुरेशी गार आणि कडक झाली होती, म्हणून चपटी झाली नाही.

चार्ल्स डार्विनला असं एक बटन भेट मिळालं होतं. त्याने १८४४ च्या पुस्तकात त्याचं चित्र दिलं आणि ज्वालामुखीतून उडालेला ऑब्सिडियन समजला. त्याचा तर्क चुकला, पण हा हवेत फिरत फिरत घडलाय हे त्याने आकारावरून बरोबर ओळखलं होतं.

इथल्या आदिवासींनी या काचेची हत्यारं केली. आणि एमू पक्षी हे खडे गिळतात, अन्न दळायला! एमूच्या पोटातूनही ऑस्ट्रलाइट निघालेत.

खट्याळ_खारूताई
आमच्याकडे भातात एवढासा खडा लागला तर सासरे ताटावरून उठतात. एमूला दंडवत!

चिमणचारा
माई, त्याने ते दोनदा वाचायला लावलं. आता घरातलं एकेक बटन बशीत टाकून पाळ आहे का बघतोय.

मेहकरकर
लोणारचं नाव निघालं अन् मी नाही लिहिलं, असं होणार नाही. मेहकरहून लोणार म्हणजे आमच्या घरचं अंगण. लहानपणी आजोबांबरोबर धारेवर आंघोळीला जायचो. वरून बाराही महिने गोड पाण्याची धार, अन् खाली उतरलं की खारट सरोवर. काठाच्या चिखलाचा तो उग्र वास अजून नाकात आहे.

रानजाई ताई, आमच्याकडे हिरवा पारदर्शक खडा मिळत नाही, कारण जमीनच वेगळी. रीसला वाळू होती, आमच्याकडे काळा पत्थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा दख्खनचा बेसाल्ट. वाळू वितळली तर स्वच्छ काच होईल, बेसाल्ट वितळला तर लोहामुळे काळीच होणार. तशी काळी काच लोणारला आहे. विवराच्या काठाबाहेर जो मलबा पसरलाय त्यात वितळून गोठलेले ढेकूळ अन् मोहरीएवढे, त्याहूनही बारीक काळे मणी सापडतात. त्यातल्या काही मण्यांत निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आसपासच्या दगडापेक्षा जास्त निघालं. तो आलेल्या पाहुण्याचा अंश! विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद अन् सुमारे दीडशे मीटर खोल, त्यात उल्केचा गोळा शोधत बसले लोक, अन् ती निघाली मोहरीत.

एक हात जोडून सांगणं. अभयारण्य आहे ते. दगड उचलून आणायचा नाही, कोणी विकायला आणला तर घ्यायचा नाही. काठावरची पोरं काळे दगड दाखवतात, त्यांना चार पैसे द्यायचे तर वाट दाखवायचे द्या. ५२ हजार वर्षं जागेवर राहिलेला दगड आपण दिवाणखान्यात नेऊन काय करणार?

बोरूबहाद्दर
मेहकरकर, दगड न उचलण्याला शंभर टक्के अनुमोदन. पण ५२ हजार हा आकडा जुना झाला ना? २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने, म्हणजे दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजून, ५ लाख ७० हजार वर्षं आलं.

मेहकरकर
भाऊ, तो आकडा मलाही माहीत आहे. पण काचेवर तापदीप्ती पद्धतीने मोजलं तर ५२ हजारच आलं, त्याचं काय करता? विवर बघा कसं ताजं आहे, काठ किती उभे आहेत. सहा लाख पावसाळ्यांत ते एवढे टिकले असते का? आमच्या इकडे एका पावसात बांध वाहून जातो.

दगडोबा
दोघंही सबुरीने घ्या. तापदीप्तीत काचेने शेवटच्या तापण्यापासून साठवलेली ऊर्जा मोजतात. तशी घड्याळं फार जुन्या वस्तूला प्रत्यक्षापेक्षा तरुण दाखवू शकतात. आर्गॉनच्या पद्धतीत उलटा धोका असतो: साडेसहा कोटी वर्षांच्या दगडातला जुना आर्गॉन वितळताना पुरता निघून गेला नाही, तर वय फुगतं. २०११ वाल्यांनी तो धोका ओळखून हिशेब केला होता, म्हणून माझा कल त्यांच्या आकड्याकडे आहे. उभ्या काठाचा मुद्दा मात्र हलका नाही, कठीण बेसाल्ट किती सावकाश झिजतो त्यावर ते अवलंबून आहे.

लोणारची माझी सगळ्यात लाडकी काच वेगळीच आहे. मॅस्केलिनाइट. प्लेजिओक्लेज या खनिजाला एवढा जबर धक्का बसतो की न वितळताच त्याची काच होते. स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहतो, आतली शिस्त मोडलेली. १९७३ मध्ये लोणारला ती सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि हे उल्काविवरच आहे हे पक्कं झालं. आता गंमत ऐका. हे खनिज जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं १८७२ मध्ये, बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरची निघाली! मंगळाच्या दगडात बिहारमध्ये दिसलेली काच शंभर वर्षांनी आमच्या बुलढाण्यात भेटली. हे सांगताना वर्गात माझा आवाज दर वेळी चढायचा.

मेहकरकर
काका, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी लोणारला चाललोच आता. अंबर तळ्याकाठी निजलेल्या मारुतीलाही सांगून येतो. त्या मूर्तीचा दगडही चुंबकीय असल्याचं आमच्याकडे सांगतात.

शुभांकित
रानजाईताईंच्या आईंच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. मी पत्रिका बघतो, श्रद्धेने बघतो. बुधाचं रत्न पाचू. ऐपत नसेल तर हिरवा ओनेक्स, पेरिडॉट अशी उपरत्नं सांगतात. मोल्डावाइट परंपरेतल्या कुठल्याच यादीत नाही. आपल्याकडे तो मिळतच नव्हता, तर असेल कसा? तेव्हा "हा घाला, बुध बलवान होईल" असं कोणी विकत असेल तर ते आमच्या शास्त्रातलंही नाही. आईंनी दागिना म्हणून हौसेने घालावा.

बोरूबहाद्दर
शुभांकित, माझा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही, पण प्रतिसाद सरळ आणि प्रामाणिक आहे, आवडला.
अवांतर: २०२१ च्या सुमारास टिकटॉकवर या खड्याने आयुष्य पालटतं अशी लाट आली होती. किमती चढल्या आणि नकली खड्यांचा सुळसुळाट झाला.

रानजाई
शुभांकित, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "माणूस खरं बोलतोय, नाव विचार." मी म्हटलं, इथे टोपणनावच असतं.

आद्यबिंदू
इतका चांगला धागा चालू आहे आणि तुतनखामेनचं नाव नाही? त्याच्या थडग्यात सापडलेल्या एका पदकाच्या मधोमध पिवळसर हिरव्या खड्याचा भुंगा कोरलेला आहे. हॉवर्ड कार्टरने १९२२ मध्ये थडगं शोधलं, हा खडा त्याला चाल्सिडनी, म्हणजे क्वार्ट्झच्या जातीचा दगड वाटला. १९९० च्या दशकात कळलं की ती वाळवंटातली काच आहे, इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवरच्या वाळूच्या समुद्रातली. वय सुमारे २ कोटी ९० लाख वर्षं आणि जवळजवळ ९८ टक्के शुद्ध सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक. ते वाळवंट तुडवून कोणीतरी तो तुकडा नाईलकाठी आणला असेल, तेव्हा त्याला तो काय वाटला असेल याचा मी नेहमी विचार करतो.

माणसानेही अशी काच केली आहे. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोत पहिला अणुबॉम्ब फोडला, तिथली वाळू वितळून हिरवट थर झाला. त्याला ट्रिनिटाइट म्हणतात. तो फोटोतसुद्धा बघवत नाही मला.

दर्यावर्दी
माईंच्या ऑस्ट्रेलियाच्या काचेचा धागा गोव्यापर्यंत येतो, म्हणून लिहितो. मी दोना पावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आवारात उन्हाळी प्रकल्प केला होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागराच्या तळाच्या गाळात याच उल्कापाताचे काचमणी शोधलेत. पाच किलोमीटर पाण्याखालचा गाळ! तो चाळणीवर धुवायचा, चाळणीत उरलेले चिमूटभर कण सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचे आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण बाजूला काढायचा. मला गाईडनी एक कण दाखवला. मिलिमीटरहून लहान, मधाच्या रंगाचा, पूर्ण गोल, पोटात एक बुडबुडा. मी श्वास रोखून बघत होतो, कारण फुंकर गेली तर तो गेला!

ती घटना सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वीची. तिची काच दक्षिण चीन, व्हिएतनाम, थायलंड, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, हिंदी महासागर आणि अंटार्क्टिकापर्यंत. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा तरी व्यापला असेल. आणि विवराचा पत्ता नाही! लाओसमध्ये बोलावेन पठारावर लाव्हाच्या थरांखाली ते गाडलं गेलंय असं २०२० मध्ये एका गटाने मांडलं, सगळ्यांना ते पटलेलं नाही.

दक्षिण चीनमध्ये पावसानंतर हे काळे खडे दिसायचे, म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथात त्यांना मेघगर्जनेच्या देवाची शाई म्हटलंय. काळी शाईची कांडी आणि ढगांचा गडगडाट, नाव किती नेमकं बसलंय.

चिमणचारा
लेक विचारतोय, एवढं मोठं विवर हरवतं कसं? मलाही तेच विचारायचं होतं.

सराफकट्टा
मूळ प्रश्न मागे पडला, म्हणून दुकान बंद झाल्यावर लिहायला बसलो. सांगलीला आमची तिसरी पिढी सराफीत आहे. मोल्डावाइट फार आले नाहीत हातात, पण काच ओळखणं रोजचं.

आधी दहापट भिंग घ्या. मागे पांढरा कागद आणि बाजूने टॉर्च. खऱ्यात बुडबुडे भरपूर, काही गोल, काही ताणलेले. आत साखरेच्या पाकासारख्या वळणावळणाच्या रेषा दिसतात. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे शेवयांच्या तुकड्यांसारखे वाकडे पारदर्शक धागे. ते शुद्ध सिलिकाचे, क्वार्ट्झचे कण वितळले पण बाकीच्या रसात मिसळले नाहीत. नकली काचेत ते सहसा नसतात. फार स्वच्छ, एकसारखा, झगझगीत हिरवा खडा दिसला की आमच्या बाबांच्या भाषेत "डोळे मिचकावतोय, सांभाळ".

दुसरी परीक्षा वजनाची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-भिंतीला टेकू देऊ नका, अंगावरचे हवेचे बुडबुडे झटका. आता काटा दाखवेल ते त्याने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. मोल्डावाइट २.३२ ते २.३८ च्या आसपास येतो. बाटलीची साधी काच २.५ च्या जवळ. पेंडंटचा खडा कोंदणातून काढावा लागेल. स्वतः चाकूने काढू नका, टवका उडतो.

खट्याळ_खारूताई
आणि वर काकांनी सांगितलेलं तापवून फेसाळतोय का बघणं?

दगडोबा
अजिबात नको! ते ऑब्सिडियन ओळखायला, तेही फेकायच्या तुकड्यावर. ताई, गॅसजवळ नेऊ नका तो खडा.

रानजाई
उशीर झाला, पण सगळं करून आले आहे.

काटा ऑनलाइन मागवला. आधी आगपेटीतला. कोरडा ८.४२ ग्रॅम. शिवणाच्या दोऱ्याला बांधून पेल्यात सोडला, हात थरथरत होता म्हणून तीनदा केलं. पाण्याचा आकडा ३.५७. भागाकार २.३६!

मग भिंग. खडा टॉर्चपुढे धरला आणि आधी काहीच कळेना, नुसतं धूसर हिरवं. हळूहळू फिरवला तर एकदम बुडबुडे उजळले. काही मोहरीसारखे गोल, काही तांदळासारखे लांबट आणि सगळे एकाच दिशेला आडवे, जणू त्या बाजूला वारा होता. मध्येच तो वाकडा धागा, सराफदादा म्हणाले तशी शेवई. ती दिसली तेव्हा मी एकटीच मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. दीड कोटी वर्षांपूर्वी उडता उडता जे ताणलं गेलं ते तसंच थिजलंय.

पेंडंट इथल्या एका सोनाराकडे उघडून घेतलं. खडा २.१० ग्रॅम, पाण्यात ०.८४. भागाकार २.५०. आत एकही शेवई नाही, दोनच बुडबुडे, दोन्ही गोल. दुकानात परत गेले, पावती दाखवली. पैसे परत नाही मिळाले, दुसरं काही घ्या म्हणाले. वाईट वाटलं, कारण ते आईसाठी पहिल्या पगारवाढीचं होतं. सगळं आईला सांगितलं. म्हणाली, "मग ते पेंडंट तूच घाल, मला तो शेतातला आण. देवघराशेजारच्या खिडकीत ठेवते, सकाळचं ऊन येतं तिथे."

दगडोबा काका, चिठ्ठीही झाली. सहकाऱ्याने आजोबांना फोन लावून विचारलं. गावाचं नाव, शेताचं नाव, ओढ्यापासून कितवा पट्टा, आजोबांना कोणत्या वर्षी सापडला, सगळं त्याने चेकमध्ये लिहिलं आणि मी खाली मराठीत. घडी करून कापसाखाली ठेवली आहे. आजोबांनी निरोप दिलाय, आईला आवडला का ते कळवा.

दगडोबा
पोरी, छान केलंस. ओढ्यापासून कितवा पट्टा! हे वाचून उठून बाहेर व्हरांड्यात एक फेरी मारून आलो.

सराफकट्टा
सांगलीला आलात की खडा घेऊन दुकानावर या. विकायला नव्हे, मला आणि बाबांना भिंगातून बघायचाय. पेंडंटसाठी हळहळ वाटली. कोंदण चांदीचं असेल तर त्यात दुसरा खडा बसवून देतो, मजुरी घेणार नाही.

मेहकरकर
लोणारहून लिहितोय. काठावर उभा आहे, पाणी आज हिरवं आहे. जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं तेव्हा अख्खी दुनिया आली होती, आज मी अन् एक मोर. बुटाजवळ एक काळा चकचकीत दगड दिसला, वाकून बघितला, तिथेच ठेवला. ताई, आईंना घेऊन या कधी. धारेजवळ बसून डबा खाऊ.

चिमणचारा
शेवटचा प्रश्न, नाहीतर तो झोपणार नाही: "शेतात नांगर लागून काच फुटत नाही का?"

रानजाई
फुटते रे. माझ्या खड्याचा एक कोपरा तसाच आहे. बाकी अंग सुरकुतलेलं आणि खडबडीत, इतकी वर्षं मातीतल्या पाण्याने खाल्लेलं, आणि तेवढा कोपरा गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा गोल लाटांचा. आजोबा म्हणाले तो त्यांच्याच नांगराचा. उद्या त्या कोपऱ्याचा फोटो टाकते, तुझ्यासाठी.